आफ्रिका खंडाची ना हरकत

बोरखडी गावाला बन्सी गव्हाणे वर्षातले तीनशे चौसष्ट दिवस नकोसा असायचा. तो ग्रामपंचायतीचा पाणी सोडणारा माणूस. वरच्या आळीला पाणी सोडलं की खालची आळी शिव्या द्यायची, खालच्या आळीला सोडलं की वरची, आणि लाईट गेली की दोन्ही आळ्या एकदिलाने द्यायच्या. नळाला पाणी आल्याबद्दल बन्सीला कुणी कधी चांगलं म्हटल्याचं कुणाच्या ऐकिवात नाही. उरलेला एक दिवस मात्र त्याचा होता. चैत्रातल्या यात्रेला गावात सोंगांची मिरवणूक निघायची, आणि तिच्यात रावण, वाघ, सावकार, दारुडा असे सगळे येऊन गेले की शेवटी बन्सीचा हबशी यायचा.

हबशी करायची रीत ठरलेली होती. तव्याच्या पाठीची काजळी खोबरेल तेलात कालवायची आणि कपाळापासून पायाच्या नखापर्यंत माखायची. ओठांभोवती चुना. कमरेला उसाच्या पाचटाचा घागरा. नाकाखाली बोकडाचं हाड, दोऱ्याने कानामागे बांधलेलं. हातात लाकडी भाला. चौकात आला की बन्सी डोळे गरगर फिरवायचा, ‘झुंबालाका झुंबा’ असं काहीतरी ओरडायचा आणि गर्दीतला एखादा जाड माणूस धरून त्याचा दंड चावायला बघायचा. जाड माणूस बहुधा सरपंच असायचा. गाव हसून हसून आडवं व्हायचं. त्या टाळ्या आणि शिट्ट्या ऐकल्या की बन्सीला पुढचं वर्षभर शिव्या पचायच्या. अशी एकतीस वर्षं झाली होती.

हे सोंग त्याच्याकडे आलं ते काही कलेमुळे नव्हे. पंचविशीत असताना कमिटीने सोंगं वाटली, तेव्हा गोरक्षनाथ अण्णा म्हणाले होते, “हबशी बन्सीला द्या. काजळी कमी लागंल.” सगळे हसले. बन्सीही हसला, कारण न हसणाऱ्याला गावात जास्त हसतात.

आता चिसोमोबद्दल. चिसोमो बांडा हा मलावी देशाचा, सत्तावीस वर्षांचा, चार किलोमीटरवरच्या कृषी विद्यापीठात मक्यावर पीएच.डी. करणारा मुलगा. पावणेदोन वर्षांपासून तो बन्सीच्या माडीवर राहत होता. तो बन्सीला नाना म्हणायचा आणि बन्सीच्या बायकोला, भागिरथीला, आई. मराठी त्याने पुस्तकातून उचलली होती, त्यामुळे ती घरातल्या सगळ्यांपेक्षा शुद्ध होती. भागिरथीच्या हातची भाकरी आणि ठेचा खाताना त्याच्या डोळ्यांतून पाणी यायचं, तरी तो आणखी मागायचा. मलावी नकाशात कुठे आहे हे बन्सीला सांगता आलं नसतं, पण तिथे मक्याला कोणती कीड लागते हे त्याला तोंडपाठ होतं. पारावर बसला की तो मुद्दाम विषय काढायचा, “आमच्यात फॉरेनचा मानूस हाय.” त्याचा त्या पोरावर जीव जडला होता, हे कबूल केलं पाहिजे.

हबशाचं सोंग मात्र त्याने चिसोमोला कधी सांगितलं नव्हतं. मागच्या यात्रेला चिसोमो पुण्याला गेला होता आणि त्याच्या आधीच्या यात्रेला तो या घरात नव्हता. पाचटाचा घागरा पोत्यात घालून माळ्यावर पडलेला असायचा. विषयच निघाला नाही, असं बन्सी स्वतःला सांगायचा. एका घरात पावणेदोन वर्षं विषय निघू न देणं सोपं नाही, पण पाण्याचे वाल बंद ठेवायची बन्सीला सवय होती.

विषय काढला तो मोबाईलने. गावात मोबाईलचं दुकान चालवणाऱ्या रविराजने मागच्या यात्रेतला हबशी चित्रित करून इंटरनेटवर टाकला आणि तो सहा लाख लोकांनी पाहिला. त्यातल्या बऱ्याच जणांनी हसण्याची चित्रं टाकली आणि काहींनी ‘वर्णद्वेषी’ असा शब्द लिहिला. बोरखडीत हा शब्द त्याआधी आलेला नव्हता. यंदा मिरवणुकीच्या परवानगीला कमिटी पोलीस ठाण्यात गेली, तर तिथले साहेब म्हणाले, ते हबशाचं लचांड मागे लावून घेऊ नका, नाहीतर कुणाची हरकत नसल्याचं लेखी आणा.

लेखी म्हटल्यावर कमिटीला हुरूप आला. कमिटीचे अध्यक्ष गोरक्षनाथ अण्णा सोसायटीत पंधरा वर्षं चेअरमन होते आणि कागद हा त्यांचा श्वास होता. मांडवाच्या जागेसाठी शेतमालकाची, तारांसाठी वीजवाल्यांची, कुस्त्यांच्या मैदानासाठी शाळेची अशा अकरा ना हरकती त्यांच्या फायलीत होत्या. बारावी कुणाची घ्यायची एवढाच प्रश्न होता.

“ज्याची हरकत निघू शकती त्याचीच ना हरकत घ्यायची,” अण्णा म्हणाले. “सोंग हबशाचं हाय. मंग हबशाचीच घ्या.”

पंचक्रोशीत त्या वर्णनाचा एकच माणूस होता. सगळ्यांनी बन्सीकडे पाहिलं.

कागद लिहायचं काम चांगुणाताईंकडे आलं. चांगुणाताई अंगणवाडीच्या बाई. कमिटीत एक बाई पाहिजे आणि बौद्ध वस्तीचं कुणीतरी पाहिजे, या दोन्ही गरजा त्यांच्या एकटीवर भागत होत्या. शिवाय अक्षर चांगलं होतं. अण्णांनी सांगितलं आणि त्यांनी लिहिलं:

‘मी खाली सही करणार चिसोमो बांडा, वय २७, धंदा शिक्षण, मूळ राहणार मलावी, हल्ली मुक्काम बन्सी गव्हाणे यांची माडी, लिहून देतो की, मौजे बोरखडी येथील यात्रेत निघणाऱ्या हबशाच्या सोंगामुळे माझ्या, माझ्या कुटुंबीयांच्या व समस्त आफ्रिका खंडाच्या भावना दुखावत नाहीत. पुढेमागे दुखावल्यास त्यास कमिटी जबाबदार राहणार नाही. सदर लेख मी राजीखुशीने, कोणाच्याही दबावाशिवाय व नशापाणी न करता लिहून दिला असे.’

“खंड कशाला?” चांगुणाताईंनी विचारलं.

“एकदाच घेऊन टाकू,” अण्णा म्हणाले. “दर साली कोन इचारत बसनार?”

दुसऱ्या दिवशी सकाळी दहा माणसं बन्सीच्या माडीचा अरुंद जिना चढली. चिसोमो मक्याच्या दाण्यांच्या पुड्यांवर नंबर घालत बसला होता. खोलीत खुर्ची एक. ती त्याने अण्णांना दिली, बाकीचे पलंगावर आणि दारात मावले, आणि चिसोमो स्वतःच्याच खोलीत भिंतीला टेकून उभा राहिला. भागिरथीने चहा पाठवला. चिसोमोने कागद बोट ठेवून शेवटपर्यंत वाचला. वाचायला त्याला वेळ लागला, आणि तेवढा वेळ बन्सी खिडकीतून आपल्याच पाण्याच्या टाकीकडे बघत राहिला.

“सोंग बघायला मिळेल का?” चिसोमो म्हणाला.

पोतं खाली आलं. घागरा, हाड आणि भाला पलंगावर मांडले गेले. “असं न्हाई कळायचं त्याला,” अण्णा म्हणाले. “बन्सी, करून दाखव की.”

बन्सीने काजळीशिवाय, पायजम्यावर घागरा बांधला. दोन पावलं नाचला. डोळे फिरवले. ‘झुंबालाका’ एवढं म्हणाला आणि पुढचं ‘झुंबा’ त्याच्या तोंडून निघेना. एकतीस वर्षांत असं कधी झालं नव्हतं. दहा माणसांपैकी एकही हसला नाही. दारातला एक जण खोकला.

“हा कुठल्या गावचा?” चिसोमोने विचारलं.

“गाव न्हाई त्याला,” बन्सी म्हणाला.

“नाव?”

“नावबी न्हाई.”

“मी नगरला गेलो होतो,” चिसोमो म्हणाला. “तिथे मला मलिक अंबरबद्दल सांगितलं. तो हबशी होता, निजामशाहीचा सगळा कारभार सांभाळायचा. हा तो आहे का?”

“छ्या छ्या,” अण्णांनी हात झटकले. “तो येगळा. तो इतिहासातला हबशी. हा यात्रेतला.”

चिसोमोने मान हलवली, खिशातून पेन काढलं आणि सही केली. खाली तारीख घातली. मग यात्रा कोणत्या वारी आहे ते विचारलं आणि त्या दिवशी आपल्याला पुण्याला काम आहे, असं म्हणाला.

“अरे, थांबायचं की!” अण्णा पाठीवर थाप मारून म्हणाले. “तुमचंच सोंग हाय.” जिना उतरताना ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, “याला म्हनत्यात मोठ्या मनाचा मानूस. न्हाई तर आपले लोक. जरा काई झालं का मोर्चा.” हे म्हणताना त्यांनी चांगुणाताईंकडे बघितलं नाही, त्याअर्थी ते त्यांच्यासाठीच होतं.

बन्सीला खरं तर हायसं वाटायला हवं होतं. त्याने तसा प्रयत्न करून पाहिला. दुसऱ्या दिवशी अंगणवाडीजवळच्या वालवर तो पाणी सोडत होता, तेव्हा चांगुणाताई बाहेर आल्या. त्यांनी काही विचारायच्या आतच तो बोलायला लागला.

“झालं बाई एकदाचं. न्हाई म्हनला असता तर मी सोंग सोडनार हुतो. पर त्यानं आपन हून सही केली.”

“आपन हून?” चांगुणाताई म्हणाल्या. “दहा मानसं, एक दार, आन् घर तुमचं. न्हाई म्हनून तो जानार कुठं हुता, नाना?”

बन्सी वाल फिरवत राहिला. वाल पूर्ण उघडला होता, तरी फिरवत राहिला.

“पूर्वी या मिरवणुकीत तराळाचं, गावकीची कामं करनाऱ्या महाराचं, सोंग निघायचं,” चांगुणाताई म्हणाल्या. “तुमी बारके असाल. हातात घुंगराची काठी, खांद्याला फाटकी घोंगडी. दारोदार शिळी भाकरी मागायची आन् पायरीवरनं गडगडत खाली पडायचं. गाव लई हसायचं. माझा आज्या खरोखरचा तराळ हुता. छप्पन साली बौद्ध झाल्यावर त्यानं ते काम सोडलं, पर सोंग काई सुटंना. वस्तीतली तरनी पोरं कुरकुराया लागली तवा आज्याला चावडीवर बोलवून इचारलं, तुझं काई म्हननं न्हाई ना? तो म्हनला, न्हाई. कागदावर अंगठा दिला त्यानं. त्याला सात तोंडं खायला घालायची हुती.”

“मंग बंद कसं झालं?”

“सोंग घेनारा म्हातारा झाला. दुसरं काई न्हाई.” त्या जायला वळल्या आणि थांबल्या. “आन् परवाचा कागद म्या लिहिला. अक्षर चांगलं म्हनून. मला माझी लाज वाटती, नाना.” एवढं बोलून त्या पोरांची खिचडी उतरवायला आत गेल्या.

त्या दिवशी खालच्या आळीला दोन तास जास्त पाणी गेलं. वरच्या आळीने फोन करकरून शिव्या दिल्या. बन्सीच्या कानावर त्या पडल्याच नाहीत.

संध्याकाळी चिसोमो गच्चीवर दोरीवरचे वाळलेले कपडे काढत होता. बन्सी वर गेला आणि दोरीच्या दुसऱ्या टोकाला उभा राहिला.

“चिसोमो, खरं सांग मला. राग आला का न्हाई?”

“काल दहा लोक होते, नाना.”

“आता मी एकटाच हाय.”

चिसोमोने हातातल्या शर्टाची घडी घातली, मोडली आणि पुन्हा घातली. “मी ते सोंग आधी पाहिलंय,” तो म्हणाला. “तुमच्याकडे यायच्या आधी. होस्टेलवरून मित्रांबरोबर यात्रेला आलो होतो. चौकात उभा होतो. लोक एकदा तुमच्याकडे बघायचे, एकदा माझ्याकडे, आणि मग हसायचे. एका काकांनी माझ्या हाताला बोट घासून बघितलं, रंग निघतो का ते.”

“म्हंजे तुला म्हाईत हुतं? तो मीच हाय, हे?”

“हो.”

“मंग माझ्याकडं खोली कशी घेतलीस रं?”

“नऊ घरी विचारलं होतं,” चिसोमो म्हणाला. “सगळीकडे खोली रिकामी होती आणि मला बघितल्यावर भरली. तुम्ही हो म्हणालात.”

तो हे तक्रार केल्यासारखं म्हणाला नाही. मक्याच्या प्रयोगाचा निकाल सांगावा तसं सांगितलं. बन्सी खाली आला आणि भागिरथीने वाढलेलं ताट तसंच ठेवून बसला. ज्या गोष्टीसाठी तो स्वतःला पावणेदोन वर्षं चांगला माणूस समजत होता, तिचा त्याला आता आधार वाटेना. नऊ घरांनी नाकारलेला मुलगा नाइलाजाने हबशाच्या घरी राहिला होता.

यात्रेला चार दिवस असताना बन्सीने कमिटीच्या बैठकीत सांगितलं, “मी हबशी करनार न्हाई.”

“तब्येत बिघडली का?” अण्णांनी विचारलं. तब्येत बरी आहे म्हटल्यावर ते विचारात पडले. “परवानगीत चौदा सोंगं लिवलीत. तेरा काढून चालनार न्हाई. रविराज, तू कर.”

रविराज तयारच होता. त्याने लगेच भाला कुठे आहे ते विचारलं.

बन्सीला हे अपेक्षित नव्हतं. आपण सोडलं म्हणजे सुटलं, असं तो धरून चालला होता. आता काय करावं हे त्याला कळेना, आणि मग कमिटीत आजवर ऐकलेला एकच उपयोगी शब्द त्याला आठवला. “मंग माझी हरकत हाय,” तो म्हणाला. “लिहून घ्या.”

“तुझी?” अण्णा हसले. बाकीचेही हसले. “तुझा काय संबंध? तू काय आफ्रिकेचा हायस का?”

“काजळी कमी लागंल, असं तुमीच म्हनला हुता, अण्णा.”

“ती मस्करी हुती.”

“एकतीस सालं मीबी मस्करीच समजलो,” बन्सी म्हणाला. “लग्नाच्या आधी दोन पोरींनी मला बघून न्हाई म्हनलं, तवाबी तुमी हबशी म्हनून हसला. माझ्या पोरीच्या बारशालाबी. मी काजळी लावली का निदान मला वाटायचं, हे काजळीला हसत्यात. मला ते कदीच आवडलं न्हाई. घ्या लिहून.”

चांगुणाताईंनी अध्यक्षांची परवानगी न घेताच लिहायला सुरुवात केली होती. लिहून झाल्यावर त्यांनी वही बन्सीपुढे सरकवली, त्याची सही घेतली आणि वही मिटली. “हरकतीची नोंद झाली,” त्या म्हणाल्या.

अण्णांनी फाईल उघडली. बारा ना हरकती आणि एक हरकत. आयुष्यभर कागदाला मानत आलेला तो माणूस. कागदापुढे त्यांचं काही चालेना. “यंदापुरतं ऱ्हाऊ द्या,” शेवटी ते म्हणाले आणि परवानगीवरचं चौदा खोडून तेरा केलं.

गावाला हे आवडलं नाही. यात्रेत बघण्यासारखं एक सोंग होतं तेही बन्सीने घालवलं, असं वरची आणि खालची आळी दोन्ही म्हणाल्या. लोक पाण्याच्या शिव्यांत आता ह्याही शिव्या मिसळून देऊ लागले. बन्सीने त्या घेतल्या. त्याला वाईट वाटत होतं, खोटं कशाला सांगा. वर्षातला त्याचा एकुलता एक दिवस गेला होता आणि बदल्यात एका मुलाला आपल्या गावात मान वर करून यात्रा बघता येणार होती. त्याला तो व्यवहार परवडला होता. भागिरथीने पुरणाचा घाट घातला होता आणि चिसोमोसाठी बन्सीने पांढरी टोपी आणून ठेवली होती.

यात्रेच्या दिवशी चारच्या सुमाराला तो टोपी घेऊन माडीवर गेला, तर चिसोमो बॅग भरत होता.

“अरे, आता कशाला चाललास? सोंग न्हाई ना यंदा.”

“चांगुणाताईंनी सांगितलं मला,” चिसोमो म्हणाला. “नाना, तुम्ही फार मोठी गोष्ट केलीत. मी घरी आईला फोनवर सांगितली.” त्याने बॅगेची चेन लावली. “पण लोक वाट बघत असतील.”

“कशाची?”

चिसोमोने टोपी घेतली आणि डोक्यावर घातली. ती त्याला शोभत होती. बन्सी म्हणाला, चल, स्टँडवर सोडतो, आणि मोटरसायकल काढली. भागिरथीने डब्यात चार पुरणपोळ्या बांधून दिल्या.

स्टँडकडे जायला एकच रस्ता आणि तो चौकातून. मिरवणूक तिथे अडकली होती. रावण ट्रॅक्टरवर बसून वडापाव खात होता. दोन्ही बाजूंना माणसांची दाटी, पोरं बापांच्या खांद्यावर. बन्सी हॉर्न वाजवत गर्दीतून गाडी काढू लागला, आणि तेवढ्यात माईक हातात घेऊन उभ्या असलेल्या रविराजचं त्यांच्याकडे लक्ष गेलं.

“अरे, आला रे आला!” तो माईकवर ओरडला. “बन्सीनाना यंदा ओरिजिनल घेऊन आले! जोरदार टाळ्या!”

टाळ्या पडल्या. शिट्ट्या वाजल्या. पोरं खांद्यावरून वाकून बघू लागली, बायका पदर तोंडाला लावून हसू लागल्या, दहा-वीस मोबाईल वर झाले. कोपऱ्यातून कुणीतरी ‘झुंबालाका!’ म्हणून आरोळी ठोकली आणि पन्नास जणांनी ‘झुंबा!’ असा जबाब दिला. एकतीस वर्षांत एवढ्या टाळ्या बन्सीला कधी मिळाल्या नव्हत्या. कुणाच्या मनात वाईट नव्हतं. सगळे त्याला ओळखत होते, त्याच्या सोंगावर लहानाचे मोठे झाले होते आणि यंदाही त्याने आपल्याला निराश केलं नाही म्हणून मनापासून खूश होते. हे त्यांना कुणी शिकवलं होतं, ते बन्सीला ठाऊक होतं.

त्याने ब्रेक दाबला. पाय जमिनीला टेकवला. उतरायचं, रविराजच्या हातातला माईक हिसकायचा आणि काय वाटेल ते बोलायचं, एवढंच त्याच्या डोक्यात होतं.

चिसोमोने मागून त्याचा खांदा धरला.

“थांबू नका, नाना,” तो कानाशी हळूच म्हणाला. “थांबलात तर मला उतरून काहीतरी करून दाखवावं लागेल.”

बन्सीने गाडी पहिल्यात टाकली. लोकांनी टाळ्या वाजवत वाजवतच वाट करून दिली.